उपग्रहाला खाडी कळत नाही

उपग्रहाच्या चित्रावरून केलेल्या माझ्या पहिल्या नकाशात मे महिन्यात आमच्या गावात पाणीच पाणी होतं. देवगड तालुक्यातलं, वाघोटण खाडीकाठचं गाव. त्याच आठवड्यात वाडीवर टँकर सुरू झालेला. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचं चित्र घेऊन प्रकाशाच्या हिरव्या आणि जवळच्या अवरक्त पट्ट्यांवरून एनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखणारा निर्देशांक काढला, निळा रंग दिला आणि मोठ्या कौतुकाने काकीला मोबाईलवर दाखवला. ती म्हणाली, "तां पाणी खारां गो. गुरां पन तोंड लावनत नाय."

या निर्देशांकाला पाणी कळतं, त्याची चव कळत नाही. भरतीच्या वेळचं चित्र असेल तर खारजमीनसुद्धा तलाव म्हणून मोजली जाते. तेव्हापासून किनाऱ्यावर काम करताना मी आधी खाडीची हद्द हाताने आखून वगळते, मगच गोडं पाणी मोजते. डोंगराच्या सावल्याही तशाच फसवतात. डिसेंबरात सूर्य खाली असतो, घळी काळ्या दिसतात आणि त्यांचं तळं होतं.

उपग्रहांवरून पाणी शोधण्याच्या या क्षेत्रात नवे येणारे बहुतेकजण ग्रेस या उपग्रह मोहिमेचं नाव ऐकून येतात. मीही तशीच आले. २००२ साली सुटलेले ते दोन उपग्रह साधारण २२० किलोमीटर अंतराने एकामागोमाग फिरायचे. खालच्या वस्तुमानामुळे गुरुत्वाकर्षण जरा बदललं, की त्यांच्यामधलं अंतर किंचित बदलायचं, आणि ते मायक्रोमीटरच्या हिशेबात मोजलं जायचं. त्यावरून उत्तर भारतातला भूजल उपसा दिसला, हे खरंच थक्क करणारं आहे. २०१८पासून त्यांच्या जागी ग्रेस-एफओ ही पुढची जोडी आहे. पण त्याचं एक ठिपकं म्हणजे तीनेकशे किलोमीटर, आणि आपलं कोकण सह्याद्रीपासून समुद्रापर्यंत जेमतेम ५०-६० किलोमीटर. त्यात शेजारच्या समुद्राचा संकेत मिसळतो तो वेगळाच. शिवाय जमिनीवरचं पाणी, मातीतली ओल आणि भूजल सगळं एकाच बेरजेत येतं. मराठवाड्यासह मोठ्या पट्ट्याचा कल पाहायला ते उपयोगी. वाडीची विहीर त्यात शोधू नका.

सेंटिनेल-२च्या चित्रातला एक चौकोन १० मीटरचा. आमची विहीर त्यात मावून वर जागा उरते. मग दिसतं काय? पाझर तलाव आणि छोटी धरणं कधी आटतात, हे नीट दिसतं. पावसाळ्यात मात्र चार महिने नुसते ढग. तेव्हा सेंटिनेल-१चं रडार वापरा, त्याला ढगांचा अडथळा नाही. संथ पाणी त्यात काळं दिसतं, पण वारा सुटला की तेही उजळतं. उन्हाळ्यात हिरवळ दिसेल तिथे झरा असेल, असा तर्क मी केला होता. निघाल्या आंबा-काजूच्या बागा.

शिकायला काय लागतं? भूगोल, भूशास्त्र, स्थापत्य, काहीही चालेल. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सेंटिनेलची चित्रं फुकट आहेत, डेहराडूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रमही फुकट. प्रोग्रामिंगसाठी थोडं पायथॉन यायला हवं, पण त्याचा बाऊ करू नका. जांभा दगड कसा वागतो, हे त्याआधी समजून घ्या: तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जांभ्याच्या भोकाभोकांतून पाझरतो, उताराने व्हाळात, म्हणजे ओढ्यात, आणि तिथून समुद्रात जातो. जानेवारीनंतर विहिरी का खाली जातात, याचं उत्तर पडद्यावर नाही, तिथे आहे.

माझ्या पहिल्या मुलाखतीत सॉफ्टवेअरवर दोनच प्रश्न आले. बाकी वेळ "तुमच्या नकाशात काय चुकलं होतं?" यावर गेला. खाडीची गोष्ट सांगितली, काम मिळालं.

म्हणून सुरुवातीलाच एक विहीर निवडा. दोरीला वजन बांधून कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर आठवड्याला वहीत लिहा. वेळ सकाळची, पंप लावायच्या आधीची. मी हे पाळलं नव्हतं; पहिल्या दोन महिन्यांचे आकडे फेकून द्यावे लागले.