पुळणीवरचं स्पिनिफेक्स कसं ओळखावं

भरतीरेषेच्या वर, मर्यादवेलीच्या (वाळूवर पसरणारी वेल) शेजारी निळसर-हिरवं, टोचरं गवत दिसलं की आधी पान पाहा: ताठ, आत वळलेलं, टोकाला काटा. पान आणि त्याचं खोडाला वेढणारं आवरण जुळतं तिथे केसांची झालर असते. मग वाळू बाजूला सारा. लांब धावत्या खोडाच्या पेरांना मुळं फुटलेली हवीत.

खरी गोची फुलोऱ्यात. नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे एकाच जातीची झाडं दोन वेगळ्या जातींची समजली जातात. मादीचा गोळा मोठा, लांब काट्यांचा. पिकला की तुटून वाऱ्यावर गडगडत जातो. नराचे झुबके त्यामानाने लहान. मादीचा गोळा असा दूर जातो, म्हणूनच सुट्या गोळ्यावरून जागेची नोंद करू नका. आपल्याकडची जात स्पिनिफेक्स लिटोरियस. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ज्याला स्पिनिफेक्स म्हणतात ते मात्र ट्रायोडिया, वेगळीच प्रजाती (जीनस).