मल्टिकोअर शिकायचंय? आधी चुकीचं उत्तर काढून दाखवा

मल्टिकोअर म्हणजे प्रोसेसरमधले अनेक कोअर (हिशेब करणारे भाग) एकाच वेळी कामाला लावणं. टीममध्ये नवी पोरं येतात तेव्हा थ्रेड (प्रोग्राममधला स्वतंत्र चालणारा धागा), म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप), डेडलॉक (थ्रेड एकमेकांची वाट बघत अडकणं) यांच्या व्याख्या त्यांना तोंडपाठ असतात. मी म्हणतो, व्याख्या राहू दे, आधी मशीनकडून चुकीचं उत्तर काढून दाखव.

सी प्लस प्लसमध्ये एक साधा काउंटर घ्या. दोन थ्रेड सुरू करा. प्रत्येकाने तो लूपमध्ये 10 लाख वेळा एकाने वाढवायचा. कंपाइल करताना ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड आपणहून वेगवान करणं) बंद ठेवा. नाहीतर कंपायलर अख्खा लूप एकाच बेरजेत गुंडाळतो, उत्तर बरोबर येतं आणि तुम्ही फसता. आता चालवा. यायला हवेत 20 लाख, येतात त्याहून कमी, तेही दर वेळी वेगळे. एकाने वाढवणं म्हणजे मेमरीतून वाचणं, मिळवणं आणि परत लिहिणं. एका कोअरने 41 वाचले, तेवढ्यात दुसऱ्यानेही 41च वाचले, दोघांनी 42 लिहिले. एक बेरीज गेली.

आता म्युटेक्स लावा. उत्तर बरोबर येईल, पण वेळ मोजलात तर एकट्या थ्रेडपेक्षा जास्त. अ‍ॅटॉमिक काउंटर (वाचणं, मिळवणं, लिहिणं एकाच अखंड टप्प्यात करणारा) त्या मानाने बरा, तरी हळूच. मग दोन कोअर घेऊन मिळवलं काय? प्रत्येक थ्रेडला स्वतःचा काउंटर द्या आणि शेवटी एकदाच बेरीज करा.

त्यातही एक गोम आहे. दोन्ही काउंटर एकाच अ‍ॅरेत शेजारी ठेवले तर अपेक्षेइतका वेग मिळत नाही. इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरवर कॅशे लाइन (कोअरजवळच्या वेगवान मेमरीत एकदम आणला जाणारा तुकडा) 64 बाइटची असते. काउंटर वेगळे असले तरी लाइन एकच, त्यामुळे ती या कोअरकडून त्या कोअरकडे हेलपाटे घालत बसते. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. मध्ये 64 बाइटची जागा सोडा आणि वेळ पुन्हा मोजा. फरक डोळ्यांनी दिसेल.

एवढं हाताने केलंत की ओपनएमपी (लूपचं काम आपोआप थ्रेडांत वाटून देणारी सोय) घ्या. लूपच्या डोक्यावर एक प्रॅग्मा ओळ (कंपायलरला दिलेली सूचना) लिहायची आणि बेरजेसाठी रिडक्शन (सगळ्या थ्रेडांची उत्तरं शेवटी एकत्र करणं) सांगायचं; थ्रेडगणिक वेगळा काउंटर तेच सांभाळतं. थेट इथून सुरुवात केलेल्यांना आतलं काही कळत नाही, म्हणून मी हे मागे ठेवतो.

स्वतःचा जुना प्रोग्राम समांतर करायचा असेल तर आधी प्रोफायलर (प्रोग्रामचा वेळ मोजणारं साधन) लावून वेळ कुठे जातो ते बघा. 10 टक्के काम एकापाठोपाठ एकच होणार असेल, तर कोअर कितीही जोडा, वेग दहापटीपुढे जात नाही. अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञांनी 1967 सालीच हा मुद्दा मांडला होता.

थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडांची टक्कर पकडणारं साधन) मात्र पहिल्या दिवसापासून वापरा. जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांत आहे. प्रोग्राम बराच हळू चालेल, पण दोन थ्रेड एकाच जागी कुठे भिडले ती ओळ नंबरासकट सांगतो. वेळ मोजताना तो काढून टाका, आणि लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या; बॅटरीवर अनेकदा प्रोसेसरचा वेग कमी होतो.