मनात शंका आली की काय करायचं

पहिलं म्हणजे देवाबद्दल शंका आली म्हणून घाबरू नका आणि ती लपवूनही ठेवू नका, जे वाटतंय ते प्रार्थनेत जसंच्या तसं देवाला सांगा. मार्क ९:२४ मधला बाप बघा, पोरगा लहानपणापासून त्रासात, तो येशूला म्हणतो माझा विश्वास आहे पण माझा अविश्वास घालवा, आणि येशूने त्याला परत नाही पाठवलं, पोराला बरं केलं. मला तर ही बायबलमधली सगळ्यात खरी प्रार्थना वाटते.

मग नजर कुठे आहे ते तपासा. मत्तय १४ मध्ये येशूचा शिष्य पेत्र पाण्यावर चालत होता ना, वारा बघितला आणि बुडायला लागला, पण हाक कोणाला मारली तर येशूलाच, आणि येशूने लगेच हात धरला, संशय का धरलास हे नंतर विचारलं, आधी हात. रात्री झोप लागत नसेल तर मोबाईल बाजूला ठेवून हाच भाग हळूहळू वाचा, मोठ्याने वाचलात तर अजून बरं. स्तोत्र १३ पण वाचा, छोटंसंच आहे.

आणि एकटे राहू नका, येशूचा शिष्य थोमा, येशू मेलेल्यांतून उठला यावर शंका असूनसुद्धा बाकीच्या शिष्यांसोबतच होता, तिथेच ८ दिवसांनी त्याला प्रभू भेटला.