आळशी म्हणण्याआधी: मूल नेमकं कुठे अडतं ते ओळखा

"दप्तर भर, डबा घे, बूट घाल" असं सांगितलं की दहा मिनिटांनी मूल एक मोजा हातात घेऊन बसलेलं दिसतं. हा हट्टीपणा असेलच असं नाही. ठरवणं, सुरुवात करणं, लक्षात ठेवणं, स्वतःला आवरणं ही मेंदूची कामं आहेत आणि ती विशीपर्यंत पक्की होत राहतात. म्हणून तुलना समवयस्कांशीच करा. पाच वर्षांच्या मुलाने बाटली शाळेत विसरणं स्वाभाविक आहे.

दोन आठवडे वहीत टिपा: काय सांगितलं, कुठे अडलं, कशाने पुढे सरकलं. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा. तीन सूचना एकदम दिल्यावर गोंधळ, पण एकेक दिल्यावर काम होतं? मग सूचना डोक्यात धरून ठेवणं जड जातंय. शेजारी बसून पहिली ओळ लिहून घेतली की उरलेला गृहपाठ सरसर होतो? अडचण सुरुवातीची आहे. "किती वेळ लागेल?" विचारा आणि घड्याळ लावा, पाच मिनिटं म्हणून रोज चाळीस लागत असतील तर वेळेचा अंदाज कच्चा आहे. आवडत्या खेळात तासभर लक्ष लागतं, यावरून मात्र अडचण नाही असं सिद्ध होत नाही.

कान, डोळे, झोप (६ ते १२ वयात ९ ते १२ तास) आणि भीती आधी तपासा. वर्गशिक्षकांनाही विचारा. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे सहा महिने हेच दिसत असेल तर वही घेऊन बालविकासतज्ज्ञांकडे जा.