पुण्यातून होडीबांधणीच्या कामात उतरताना या चुका टाळा

होड्या बांधण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम शिकायचे आहे, असे पुण्यातल्या एखाद्या मुलाने घरी सांगितले की 'आपल्याकडे समुद्र कुठे आहे?' हा प्रश्न ठरलेला असतो. समुद्र नाही, पण होड्या आहेत. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबवर वल्ह्यांच्या, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या शिडाच्या, भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर मासेमारीच्या आणि पक्षी पाहायला नेणाऱ्या. आणि होडी कोणतीही असो, ती कधीतरी गळतेच. म्हणून पहिल्याच वर्षी नवी होडी बांधायला घेणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. नव्या कामात आपले चुकलेले वर्षभर कळत नाही; दुरुस्तीत मात्र दुसऱ्याने बांधलेली होडी नेमकी कुठे हरली, ते उघडून पाहायला मिळते.

गळती दिसली की तिथेच पुट्टी थापणे, ही दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. फायबरच्या एका छोट्या होडीच्या तळाशी पाणी साचत होते, म्हणून मी तळावरची प्रत्येक चीर भरली, आणि पंधरा दिवसांत होडी परत आली. पाणी शिरत होते ते वरच्या काठावरच्या कड्याच्या स्क्रूमधून, आणि आतल्या पोकळीतून वाहत ते तळाशी जमत होते. आता मी होडी घोड्यांवर, म्हणजे लाकडी टेकूंवर, चढवून तिच्या आत चार बोटे पाणी भरतो आणि बाहेरून कुठे ओल फुटते ते पाहतो. त्याहून जास्त पाणी भरू नये, कारण पाण्याचे वजन घोड्यांच्या टेकूवर येऊन तळ वाकू शकतो. तळ कोरडा राहिला, तर काठावरच्या जोडांवर एकेक करून पाणी ओतून आत पाहावे.

फायबरच्या कामात सर्वाधिक नुकसान घाईने होते. पॉलिएस्टर रेझिनमध्ये, म्हणजे काचतंतू चिकटवणाऱ्या पातळ राळेत, ती घट्ट करणारा हार्डनर साधारणपणे शेकडा एक ते दोन इतकाच घालायचा असतो. एप्रिलच्या उन्हात दोन टक्के घातला तर रेझिन मगातच थिजते, आणि पावसाळ्यात लवकर सुकावे म्हणून अंदाजाने वाढवला तर थर तापून ठिसूळ होतो. म्हणून वजनकाटा आणि थर्मामीटर ही दोन साधने ग्राइंडरच्या आधी विकत घ्यावीत. काचतंतूंच्या ओलसर चटईवर (मॅटवर) रेझिन चढवल्यास पांढरे डाग उमटतात, आणि तो थर पुढे सुटतो. हार्डनर आणि रेझिन लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे कोबाल्टचे द्रावण एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्यातून स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा आणि मगच हार्डनर घालायचा.

भोकावर नुसते ठिगळ चिकटवून भागत नाही. कडा उतरत्या घासाव्या लागतात, आणि हा उतार जाडीच्या सुमारे बारापट धरला, तर पाच मिलिमीटर जाडीच्या तळाला चहूबाजूंनी साठ मिलिमीटर घासावे लागते. गिऱ्हाइकाला हे पाहून धडकी भरते, पण त्याला आधीच समजावून सांगावे. पॉलिएस्टरवर इपॉक्सी (दुसऱ्या प्रकारचे, जास्त चिकट रेझिन) चांगली धरते, उलट मात्र पॉलिएस्टर इपॉक्सीवर नीट धरत नाही. तेव्हा आधीची दुरुस्ती कशाने झाली आहे, ते विचारल्याशिवाय डबा उघडू नये.

लाकडी कामात दुकानदाराच्या 'वॉटरप्रूफ' या शब्दावर विसंबणे टाळावे. फर्निचरचा प्लायवुड आयएस ३०३ या भारतीय मानकाचा असतो, तर होडीसाठी आयएस ७१० मानकाचा मरीन प्लायवुड लागतो, आणि तोही कापलेल्या कडा रेझिनने बंद केल्या नाहीत तर तिथूनच कुजू लागतो.

पुण्यात शिकलेला माणूस कोकणात गेला की एका ठिकाणी हमखास फसतो. इंजिनाजवळचा धातू गंजू नये म्हणून लावायचा बळीचा तुकडा (त्या धातूऐवजी स्वतः झिजणारा) खाऱ्या पाण्यात जस्ताचा चालतो, पण धरणाच्या गोड्या पाण्यात जस्त नीट काम करत नाही, तिथे मॅग्नेशियम लागते. तेच मॅग्नेशियम समुद्रात फार लवकर झिजून जाते. होडी कोणत्या पाण्यात राहणार आहे, हा प्रश्न कामाच्या चिठ्ठीवर सर्वांत वर लिहावा.

प्रशिक्षणाबाबतची चूक अशी की होडीबांधणीचा स्वतंत्र वर्ग शोधण्यातच वर्षे जातात. आयटीआयमध्ये वेल्डर, फिटर किंवा सुतारकाम घेऊनही या क्षेत्रात शिरता येते. मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यात शिकाऊ उमेदवार आठवी, दहावी आणि आयटीआय उत्तीर्ण अशा गटांतून घेतले जातात, त्यामुळे जाहिरातींवर लक्ष ठेवावे आणि आपल्या गटाची वयोमर्यादा आधी वाचावी. कोकणातल्या कारागिराकडे शिकायचे असेल, तर मासेमारी बंदीच्या पावसाळी दिवसांच्या आसपास जावे, कारण तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि तळ पाहायला मिळतो. राहण्याची सोय आणि रोजाचे पैसे मात्र जाण्यापूर्वीच ठरवावेत. ओळखीवर गेलेले कित्येक जण पहिल्या महिन्यातच परततात.

आणखी एक. धुळीचा कापडी मास्क रेझिनच्या वाफा अडवत नाही. सेंद्रिय वाफा शोषणारे काडतूस (गाळणीची डबी) असलेला मास्कच लागतो, आणि वापर झाल्यावर तो बंद डब्यात ठेवावा, कारण खिळ्याला टांगून ठेवला तर काडतूस रात्रभर खोलीतल्या वाफा शोषून आपोआप निकामी होते.