घोड्याचा एकच डोळा गळतोय? आधी नाकपुडी बघा

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठच्या धुळीत, कोरडा भुसा खात दिवसभर उभ्या असलेल्या घोड्यांचे डोळे याच दिवसांत गळू लागतात. दोन्ही डोळे पाणावले असतील, तर बहुधा धूळ नाहीतर माश्या. एकच डोळा सतत गळतोय, खालचे केस ओघळाने चिकटलेत, तर अश्रुनलिका तुंबली असावी.

ही नलिका डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून निघून २५ ते ३० सेंटीमीटर खाली नाकात उतरते. नाकपुडी उघडून बॅटरीच्या उजेडात बघा. कातडी संपून गुलाबी अस्तर सुरू होतं, तिथेच तळाशी तिचं बारीक, गोल भोक दिसतं. काही शिंगरांना ते जन्मतःच नसतं.

पशुवैद्य डोळ्यात फ्लुरेसिन नावाचा रंग घालतात. नलिका मोकळी असेल तर साधारण ५ ते १० मिनिटांत, कधी २० मिनिटांनी, हिरवट रंग त्याच बाजूच्या नाकपुडीत उतरतो. बुबुळावरची जखमही या रंगाने उठून दिसते. म्हणून तपासणीआधी स्टिरॉइडचे थेंब मुळीच घालू नका. जखम असेल तर डोळा जाऊ शकतो.

तुंबलेली नलिका गुंगी देऊन, नाकाकडून बारीक कॅथेटर (मऊ नळी) घालून, कोमट सलाइनने सावकाश धुतात. आधी चिकट पू, मग स्वच्छ पाणी डोळ्याच्या कोपऱ्यातून येतं. जोर केला तर नलिका फाटते, त्यामुळे घरी सिरिंज लावू नका. धुऊनही पुन्हा तुंबत असेल तर दाढा तपासून घ्या, कारण नलिका वरच्या दाढांच्या मुळांजवळूनच जाते.

चेहऱ्याची सूज हाताने चाचपा. तीन-चार वर्षांच्या घोड्याच्या जबड्यावर दोन्ही बाजूंना न दुखणारे उंचवटे आले, तर ते दात बदलण्याचे असतात. एकाच गालावर गरम, दुखरी सूज आणि त्याच नाकपुडीतून घाण वासाचा शेंब, म्हणजे दाढेच्या मुळाशी पू किंवा सायनसचा आजार.

जबड्याखाली गाठी आणि ताप १०१.५ फॅरनहाइटच्या वर असेल, तर स्ट्रँगल्स (घोड्यांचा झपाट्याने पसरणारा गाठींचा आजार) समजून जनावर वेगळं बांधा, बादली आणि मोहरकीही वेगळी ठेवा. नाकात व्रण, चिकट पिवळा स्राव, अंगावर फुटणाऱ्या गाठी दिसल्या तर ग्लँडर्स या घातक संसर्गजन्य रोगाची शंका घ्या. तो माणसालाही होतो. हातमोजे घाला, जनावर हलवू नका, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा.

थोबाड अचानक सुजलं तर साप चावला असू शकतो. घोडा तोंडाने श्वास घेत नाही. नाकपुड्या मिटत चालल्या तर मोहरकी सैल करा आणि पशुवैद्याला तातडीने बोलवा.