कॉलेजचा वार्षिक अंक कसा काढावा: सगळी कसोटी प्रुफात

लहान कॉलेजात वार्षिक नियतकालिकाचं काम एखाद्या नव्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतं आणि तो पहिला प्रश्न विचारतो, मुखपृष्ठ कुणाकडून करून घेऊ? मुखपृष्ठ होतं. जाहिरातीही मिळतात. अंक फसतो तो प्रुफात, म्हणजे छपाईआधी चुका शोधायला काढलेल्या नमुना प्रतीत, आणि त्याबद्दल कुणी धड सांगत नाही. मी कोल्हापुरात बरीच वर्षं हे काम करते आहे. संपादक मंडळ, नोटीस, प्राचार्यांचं मनोगत, विभागांचे अहवाल हे सगळं तुम्ही कराल, असं धरून पुढचं लिहिते.

साहित्य गोळा करणं

नोटीस जुलैत लावा, गणपती झाले की साहित्य ताब्यात घ्या. दिवाळीच्या आधी प्रेसवाल्याला त्रास देऊ नका. त्या दिवसांत त्याच्याकडे दिवाळी अंक असतात. तुमचं काम दिवाळीनंतर लावा, म्हणजे त्याला तुमच्याकडे बघायला सवड मिळते.

‘मोबाइल: शाप की वरदान’ असले विषय देऊ नका. देऊन पाहा, चाळीस निबंध येतील आणि चाळीसही एकाच ठिकाणाहून उतरवलेले असतील. हुपरीच्या पोरीला घरातल्या चांदीकामाबद्दल लिहायला सांगा, इचलकरंजीच्या पोराला यंत्रमागाच्या रात्रपाळीबद्दल. कुणाच्या घरी गुऱ्हाळ असतं, कुणी तालमीत जातो, कुणाच्या गल्लीत 2019 चा पूर दुसऱ्या मजल्यापर्यंत आला होता. ही मुलं लिहितात, आणि चांगलं लिहितात. कविता उतरवलेली आहे असा संशय आला तर मुलाला समोर बसवून विचारा, ही ओळ कशी सुचली? ज्यानं लिहिलेली असते तो थांबत नाही.

पानं आणि कागद

पानसंख्या सोळाच्या पटीत धरा, म्हणजे फॉर्मा (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी सोळा पानं) पूर्ण भरतो: 96, 112, 128. आतला कागद 70 जीएसएम (कागदाचं वजन, म्हणजे जाडीचा अंदाज) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा पांढरा कागद, मुखपृष्ठ 250 किंवा 300 जीएसएम आर्ट कार्ड. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर ते बारीक होऊन येतात आणि छपाईत चेहरे पुसट दिसतात. एवढं पुरे.

फॉन्ट: इथे माझा पहिला अंक बुडाला

आज मुलं मोबाइलवर टाईप करतात, म्हणजे युनिकोडमध्ये, कुठल्याही यंत्रावर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरांत. पण बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे (संगणकावर पानं लावणाऱ्यांकडे) अजून पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर आहे आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी कळत नाही. त्यामुळे मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलून घ्यावा लागतो. या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो, तो यामुळेच.

‘कन्व्हर्टर चालवा, झालं’ असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. बदल करताना दोन गोष्टी जागेवरून हलवाव्या लागतात, पहिली (ऱ्हस्व) वेलांटी आणि रफार. ही वेलांटी युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवलेली असते आणि दिसते आधी. जुन्या फॉन्टमध्ये ती आधीच टाईप होते. रफाराचं उलटं आहे. युनिकोडमध्ये ‘र्’ अक्षराच्या आधी असतो, जुन्या फॉन्टमध्ये रफार हे वेगळं चिन्ह अक्षराच्या मागे बसतं. साध्या शब्दांत हे जमतं. जोडाक्षर आलं की वेलांटी अर्ध्या अक्षरावर पडते, ‘निश्चित’चं ‘नश्चिति’ होतं, ‘परिस्थिती’ मोडते, रफार शेजारच्या घरात जाऊन बसतो.

माझ्या पहिल्या अंकात एका मुलानं त्याच्या गावच्या गुऱ्हाळावर लेख लिहिला होता. काहिली, रसाची मळी काढणं, चुलवाणापाशी पहाटे बसलेली माणसं, सगळं त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. अंक छापून आला तेव्हा मथळ्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत ‘गुर्हाळ’ होतं, ‘ह’च्या डोक्यावर रफार असलेलं. कोल्हापूरचा अंक आणि गुऱ्हाळ चुकलेलं. त्या मुलाला अंक देताना माझे हात जड झाले होते. प्रूफ मी वाचलं होतं, पण घाईत, आणि डोळा शब्दाच्या अंदाजानं पुढे सरकत गेला होता.

गुऱ्हाळ, ऱ्हास, कुऱ्हाड, वाऱ्यावर या शब्दांतला अर्धा र वेगळा असतो. युनिकोडमध्ये तो ‘ऱ’ला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) जोडून लिहायचा. साध्या ‘र’ला हलन्त दिला की रफार होतो. आणि हा फरक नुसता दिसण्याचा नाही. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना वंदन करतात, आचाऱ्यांना जेवणाची ऑर्डर देतात.

मला एकदा कुणी सुचवलं होतं, शोधा-आणि-बदला वापरून सगळे ‘र्य’ एकदम ‘ऱ्य’ करून टाका. तसं केलं की सूर्य, कार्य, धैर्य, कार्यक्रम सगळे बिघडतात, आणि कॉलेजच्या अहवालात ‘कार्यक्रम’ पानापानावर असतो. हे एकेक करूनच बदलायचं असतं. कंटाळवाणं आहे, दुसरा मार्ग नाही.

मी आता असं करते. कुठलाही लेख देण्याआधी डीटीपीवाल्याला एक चाचणीचा कागद देते. त्यावर एवढेच शब्द: गुऱ्हाळ, वाऱ्यावर, परिस्थिती, निश्चित, निर्मिती, कार्यकर्ते, आशीर्वाद, महत्त्व, शुद्ध, विठ्ठल, हृदय, ज्ञानेश्वर, ऑगस्ट, ॲड. हा कागद त्याच्या पद्धतीनं बदलून, कागदावर छापून परत मागते. जे मोडतं ते तिथेच दिसतं आणि पूर्ण अंकात काय शोधायचं याची यादी हातात येते. ज्याच्याकडे इनडिझाइन हे पानं लावायचं नवीन सॉफ्टवेअर आहे आणि जो थेट युनिकोडमध्ये पानं लावतो, त्याच्याकडे काम द्या, थोडे पैसे जास्त गेले तरी. तिथेही त्याला त्यातली वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सोय चालू करायला सांगावं लागतं, नाहीतर जोडाक्षरं फुटतात.

‘ध्द’ वेगळा शोधा. टायपिंगच्या जुन्या सवयीनं शुध्द, पध्दत, प्रसिध्दी असं पडतं. द आधी, ध नंतर: शुद्ध, पद्धत, प्रसिद्धी. ‘महत्व’ आणि ‘तत्व’ यांत एक त कमी असतो, तोही बघा.

प्रूफ वाचणं

स्क्रीनवर प्रूफ वाचू नका, मोबाइलवर तर नाहीच. कागदावर मागवा, दोन ओळींत जागा सोडून.

पहिलं प्रूफ मूळ प्रतीशी ताडून वाचायचं आणि ते दोघांनी वाचायचं. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचतो, विरामचिन्हांसकट, दुसरा प्रूफ बघतो. मी संपादक मंडळातल्या दोन विद्यार्थ्यांना बसवते. एक ओळ गळली, परिच्छेद दोनदा पडला, हे एकट्याला कळत नाही, कारण वाक्याचा अर्थ लागत राहतो. लाल पेनानं टायपिंगची चूक, निळ्यानं आपण ऐनवेळी केलेला बदल. हे रंग पाळा. बिलाच्या वेळी भांडण होत नाही.

दुसऱ्या प्रुफात दुरुस्त केलेली ओळ बघायची आणि तिच्या वरची, खालचीही बघायची. एक शब्द वाढला की परिच्छेद सरकतो आणि शेवटची एकटी ओळ पुढच्या पानावर जाऊन पडते.

तिसरं प्रूफ नावांसाठी. एका वर्गात एकाच नावाचे चार पाटील असतात, म्हणून वडिलांच्या नावासकट कार्यालयाच्या यादीशी ताडा. नंतर ज्याचं नाव आहे त्याला दाखवून सही घ्या. फोटोखालची नावं डावीकडून उजवीकडे बोट ठेवून मोजा. अनुक्रमणिकेतले पानांक सगळ्यात शेवटी भरा.

आजीचं वाक्य

प्रुफातली दुसरी चूक मी केली ती यंत्राची नव्हती, माझी होती. तिच्याबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण चांगले, शिकलेले लोक ती करतात.

शिरोळ तालुक्यातल्या एका मुलीनं पुराचा अनुभव लिहिला होता. पाणी दारात, बोट आलेली आणि आजी म्हणते, “म्हस सोडून म्या येत न्हाई, तुमी जावा.” मी शुद्धलेखनाच्या झपाट्यात होते. वाक्य असं छापलं गेलं: “म्हैस सोडून मी येत नाही, तुम्ही जा.” अंक हातात घेऊन ती मुलगी बराच वेळ त्या पानावर थांबली. मग म्हणाली, “मॅडम, आजी असं बोलत न्हाई.” एवढंच म्हणाली. ती बरोबर होती. त्या पानावर आता कुणाचीही आजी बसली असती.

शुद्धलेखनाचे नियम आहेत. 1962 साली चौदा ठरले, 1972 साली आणखी चार आले. अहवालात, लेखात, संपादकीयात ते पाळायचे, त्यात सूट नाही. पण ते प्रमाणलेखनाचे नियम आहेत, आजीच्या तोंडचे नाहीत. संवादातल्या बोलीला हात लावायचा नाही, हा माझा नियम, आणि मी तो संपादक मंडळाच्या पहिल्या बैठकीत फळ्यावर लिहिते.

आपल्याकडे एक गोष्ट तर बाहेरच्या मुद्रितशोधकाला हमखास चूक वाटते. कोल्हापुरात पुष्कळ मुली, बायका “मी जातो”, “मी करतो” म्हणतात. लेखिका मुलगी आहे हे पाहून तो ‘जातो’चं ‘जाते’ करून टाकतो. मुलीच्या कथेतली मैत्रीण एकदम पुण्याची होते. प्रूफ बाहेर देत असाल तर वर चिठ्ठी लावा: संवादातली क्रियापदं जशीच्या तशी.

बोलीत फक्त एक गोष्ट बघायची. एकाच माणसाच्या तोंडी एका ठिकाणी ‘न्हाई’ आणि दोन ओळींनंतर ‘नाय’ आलं असेल, तर ते लेखकाला विचारा. आपण ठरवायचं नाही. कधी तो म्हणतो, चुकलं. कधी म्हणतो, चिडल्यावर आजोबा तसंच म्हणतात, आणि मग ते तसंच ठेवायचं. निवेदनच बोलीत असेल तर मुलाला बोलावून दोन परिच्छेद मोठ्यानं वाचून घ्या. जिथे त्याची जीभ अडखळते तिथे लिहिताना त्यानं पुस्तकी शब्द घातलेला असतो, आणि तो बहुतेक वेळा स्वतःच बदलतो.

‘केलं’ की ‘केले’ यावर वाद घालत बसू नका. लेखात जे सुरू केलं आहे ते शेवटपर्यंत एकसारखं ठेवा.

आणि मराठीच्या प्राध्यापकांनाच सगळं प्रूफ द्या, हा सल्लाही मी मानत नाही. मी स्वतः मराठीच शिकवते, म्हणून सांगते. आम्हाला शब्द इतका ओळखीचा असतो की चुकलेला दिसत नाही. भूगोलाच्या, रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याला एक फेरी वाचायला द्या. तो अक्षर न् अक्षर वाचतो.

छपाईला पाठवताना

शेवटची पीडीएफ कागदावर काढा, प्रत्येक पानावर सही करा, तीच प्रत प्रेसला द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ लिहून पाठवू नका. छपाईची प्लेट निघाल्यावर एक काना बदलायचा तरी खर्च येतो, आणि कधी कधी तो कुणी करतच नाही, चूक तशीच राहते. पीडीएफसोबत युनिकोडमधला मजकूरही कॉलेजच्या संगणकावर ठेवा. जुन्या फॉन्टमधली फाइल पाच वर्षांनी उघडायला गेलात तर काही हाती लागत नाही.

बाइंडिंगहून गठ्ठे आले की प्रकाशन समारंभाआधी वेगवेगळ्या गठ्ठ्यांतले पंधरा अंक काढून पान न् पान चाळा. एखाद्या अंकात फॉर्मा उलटा लागलेला असतो, एखाद्यात सोळा पानं दोनदा येतात. असे अंक बाजूला काढून प्रेसला परत पाठवा. उरलेल्यांतले पहिले अंक लिहिणाऱ्या मुलांना द्या, मग विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी आणि ग्रंथालयासाठी बाजूला काढा.